पहिली आंघोळ आणि शेवटचा हात

दसरा झाला की दादरच्या आमच्या इमारतीच्या जिन्यात टर्पेंटाइनचा वास भरतो. कुणाचा दिवाणखाना निघालेला असतो, कुणाची दारं, कुणाचं बाल्कनीचं ग्रिल. बाथरूमची पाळी येते सगळ्यात शेवटी, आणि तोवर पैसे, रंग, उत्साह यांतलं काहीतरी एक संपलेलं असतं. खरं तर मराठी घरातली दिवाळी सुरू होते ती बाथरूमपासून. नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला उठायचं, तेल कोमट करायचं, उटणं भिजवायचं, आणि अख्खं घर एकामागून एक त्या सहा बाय चारच्या खोलीतून न्हाऊन बाहेर पडायचं. मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांनाही त्या दिवशी आपण आग्रहाने आधी तिथेच पाठवतो. आणि रंग मात्र तिथवर पोचत नाही.

यंदा मी उलटं करायचं ठरवलं. दिवाणखाना राहू दे. बाथरूममधली दोन लाकडी कपाटं तेवढी नीट रंगवून घ्यायची. एक बेसिनच्या वरचं, आरशाच्या दाराचं. दुसरं बेसिनच्या खालचं, ज्यात फिनाइल, घासण्या आणि कान तुटलेले मग राहतात. नवीन फ्लॅटची कामं करणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने दोन्ही पाहिली आणि म्हणाला, "मावशी, हे काढून टाका. तयार व्हॅनिटी मिळते, एका दिवसात बसेल." माझी आई, वय शहाऐंशी, बाहेरच्या खोलीतून म्हणाली, "सागाचं आहे ते." आमच्याकडे या वाक्यावर अपील नसतं.

आजोबा गिरगावातल्या चाळीतून इथे आले ते १९४०च्या आगेमागे. १८९६च्या प्लेगने मुंबईची दैना केल्यावर १८९८मध्ये सरकारने 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' काढला, आणि दादर-माटुंग्याची आखीव वसाहत ही त्याच ट्रस्टची योजना. हवा, उजेड, रुंद रस्ते आणि प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचं न्हाणीघर. चाळीतल्या मोरीला कपाट नव्हतं. भिंतीत एक कोनाडा असायचा, त्यात राखुंडी, शिकेकाई, साबणाची वडी. कपाट आलं ते 'ब्लॉक'मध्ये. आजोबांना त्याचं इतकं अप्रूप होतं, की सुताराला घरी बसवून त्यांनी ही दोन्ही कपाटं करून घेतली. म्हणजे ऐंशी वर्षं ती वाफ खात आहेत.

रंगारीकाका राजापूरकडचे. चाळीस वर्षं मुंबईत ब्रश चालवून आता गुडघ्यांमुळे मोठी कामं घेत नाहीत. मी शेड कार्ड समोर धरलं, त्यांनी ते बाजूला ठेवलं. वरच्या कपाटाच्या फळीवर तळवा फिरवला, बोट नाकाशी नेलं.

"खोबरेल," ते म्हणाले. "किती वर्षं बाटली इथेच ठेवता?"

"नेहमीच. आणखी कुठे ठेवणार?"

"मग रंग नंतर, ताई. आधी धुलाई. दिवाळीला अठरा दिवस आहेत ना? बारा दिवस मी रंगाला हात लावणार नाही."

माझा चेहरा पडला असावा, कारण त्यांनी लगेच समजावून सांगितलं. त्यांची रीत साधी होती. तेलं दोन जातींची: सुकणारी आणि न सुकणारी. रंगाचा सगळा धंदा सुकणाऱ्या तेलावर उभा आहे आणि बाथरूमचा सगळा संसार न सुकणाऱ्या तेलावर. दोघांचं जमत नाही.

मी नंतर वाचून पाहिलं, तर काकांची विभागणी रसायनशास्त्रालाही मान्य आहे. जवसाचं तेल सुकतं म्हणजे उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि पातळ तेलाची चिवट कातडी बनते. सुकताना या तेलाचं वजन घटत नाही, वाढतं. विदर्भात ज्या जवसाची चटणी भाकरीबरोबर खातात, त्याच जवसाच्या तेलावर जगभरच्या चित्रकारांनी शतकानुशतकं चित्रं रंगवली आणि दारं-खिडक्याही. हल्लीच्या ऑइल पेंटमध्ये, म्हणजे एनामलमध्ये, नुसतं तेल नसतं. तेलापासून बनवलेली अल्किड नावाची राळ असते. पण सुकण्याची तऱ्हा तीच: आधी टर्पेंटाइन उडून जातं, मग उरलेला थर निवांत हवा पीत घट्ट होतो. शेंगदाण्याचं तेल असं सुकत नाही आणि खोबरेल तर जन्मात सुकणार नाही. म्हणून ते केसांना चालतं. फळीत मुरलेल्या खोबरेलावर एनामल लावलं, की रंग तिथून मागे सरतो, पुळीएवढे खड्डे पडतात; कारागीर त्याला 'डोळे पडले' म्हणतात. वर सागाच्या लाकडात स्वतःचं तेल असतं ते वेगळंच. म्हणूनच साग पाण्याला आणि वाळवीला दाद देत नाही, आणि त्याच गुणामुळे रंगालाही सहज जवळ करत नाही.

(याच जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. सुकताना ती तापते, आणि कधीकधी आपली आपण पेटते. काका प्रत्येक चिंधी पसरून कठड्यावर वाळत टाकायचे. मला आधी तो टापटिपीचा भाग वाटला होता.)

तर धुलाई. गरम पाणी, धुण्याचा सोडा, नारळाची किशी. तीन वेळा. पाणी चहासारखं उतरलं. मग पुसून, दोन दिवस पंख्याखाली वाळवून, थिनरच्या बोळ्याने पुन्हा पुसणं. पितळी बिजागऱ्या आणि मुठी काढल्या, तेव्हा त्या पितळी आहेत हे आम्हाला कळलं. इतकी वर्षं कुणीही त्या न काढताच त्यांच्यावरून रंग फिरवला होता. स्वयंपाकातून कायमच्या बाद केलेल्या एका पातेल्यात सोड्याच्या पाण्यात त्या उकळल्या, तसा रंग कातड्यासारखा सुटून आला. तीन स्क्रू मोडले. तशाच जुन्या घाटाचे, चिरेच्या डोक्याचे पितळी स्क्रू शोधायला मी नागदेवी स्ट्रीटला गेले. अख्ख्या मुंबईची खिळे-बिजागऱ्यांची भूक भागवणारा हा रस्ता; तिथे तीन स्क्रू मागणं म्हणजे वाण्याकडे तीन तांदूळ मागण्यासारखं. एका म्हाताऱ्या दुकानदाराने ते मोजून दिले आणि पैसे घेतले नाहीत. त्यापेक्षा घेतले असते तर बरं वाटलं असतं, असा त्याचा चेहरा होता.

खरी गोष्ट सुरू झाली ती रंग उतरवताना.

काकांचा विचार होता दिवा मारायचा, म्हणजे ब्लो लॅम्पच्या ज्योतीने जुना रंग फुगवून पट्टीने खरवडायचा. चाळीस वर्षं ते तसंच करत आले. इथे मी आडवी आले. जुन्या एनामलमध्ये शिसं असायचं: पांढऱ्या रंगात शिशाचा सफेदा, पिवळ्यात क्रोम, आणि लवकर सुकावं म्हणून घातलेले ड्रायर. ज्योतीने त्याचा धूर होतो, कोरड्या घासण्याने धूळ. लहान मुलांच्या मेंदूला त्याची थोडी मात्राही बाधते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर कायद्याने बंधन आलं ते अगदी अलीकडे: २०१६चे नियम १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाले आणि मर्यादा ठरली दशलक्ष भागांत ९० भाग. त्याआधी लागलेला रंग बिनशिशाचा आहे असं धरून चालता येत नाही. आमच्या कपाटावरचा सगळा रंग त्याआधीचा होता.

"ताई, मी कधी मास्क लावला नाही. काय झालं मला?" काका म्हणाले. मग स्वतःच जरा थांबले. त्यांच्याबरोबर काम करणारे दोघेतिघे कशाने गेले हे त्यांना आठवत होतं, पण ते शिशाने गेले असं कोण म्हणणार? डॉक्टरांनी तसं कधी तपासलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दिवा आणला नाही. वॉटर पेपर आणला. कपाटं बाल्कनीत प्लॅस्टिकवर आडवी ठेवली, फवाऱ्याने ओली केली आणि ओलं घासायला सुरुवात केली. रेंदा फडक्याने टिपून पिशवीत बांधायचा. मास्क लावला, पण विडी ओढायला दर अर्ध्या तासाने काढलाही.

आधी १२० नंबर, मग १८०, शेवटी ३२०. आकडा वाढेल तसा कागद मऊ. ओल्या घासणीत एक मजा असते, थर एकेक करून वर येतात. आमच्या कपाटाचे पाच निघाले. सगळ्यात वर पिवळट क्रीम. तो भावाच्या लग्नात दिवाणखान्याच्या दारांना लावला होता, उरला तो इथे. त्याखाली करडा, बाल्कनीच्या ग्रिलचा. त्याखाली पोपटी. हा कुणालाच आठवेना, मग आई म्हणाली, "शेजाऱ्यांनी खिडक्या रंगवल्या होत्या, त्यांचा अर्धा डबा उरला होता." म्हणजे आमच्या कपाटाने शेजाऱ्यांचाही उरलेला रंग खाल्ला होता. त्याखाली सुरेख आस्मानी. ऐंशी वर्षांत या कपाटासाठी म्हणून रंग कधी विकतच घेतला गेला नव्हता. घरातल्या सगळ्या रंगकामांची उष्टी तिथे एकावर एक साठली होती. मला त्यात गरिबीपेक्षा सवयच जास्त दिसली, कारण याच घरात त्याच वर्षांत दोनदा सोफा बदलला होता.

आणि आस्मानीच्या खाली? लालसर प्रायमर, आणि त्याच्या खाली काळपट, जागोजागी पांढुरकं झालेलं पॉलिश. काका हसले. "लाखेचं आहे. तुमच्या आजोबांनी हौसेने फ्रेंच पॉलिश मारलं होतं."

लाख ही किड्याची देन. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे राळेचं घर बांधतात. ते खरवडून, वितळवून, ताणून त्याचा चपडा होतो, तो स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने लाकडावर घोटला की झालं फ्रेंच पॉलिश. या देशातल्या सागाला याहून देखणं वस्त्र नाही. फक्त पाण्याशी त्याचं वैर. ओल धरली की ते पांढरं पडतं, गरम वाफ लागली की चिकटतं. दिवाणखान्यातल्या टीपॉयवर ओल्या पेल्याचा पांढरा गोल उठतो तो यामुळेच. आजोबांनी टीपॉयचं पॉलिश न्हाणीघराला चढवलं, ते दोनचार पावसाळ्यांत फसलं, आणि मग कुणीतरी वैतागून ग्रिलच्या डब्यातला ब्रश त्यावरून फिरवला. या कपाटासाठी मुद्दाम काही केलं गेलं होतं ते तेवढं एकदाच.

घरात दोन दिवस वाद झाला. भाऊ फोनवर म्हणाला, एवढं सागाचं लाकूड मोकळं झालंय तर पुन्हा रंगाखाली का गाडता? पाणी सोसणारं क्लिअर पॉलिश मारा, पीयू मारा. मुद्दा बिनतोड होता. पॉलीयुरेथेनचा थर वाफेला खरोखर चांगला टिकतो. पण खालच्या कपाटाच्या तळफळीला फिनाइलचे काळे डाग आत खोलवर गेले होते, दारांवर पूर्वीच्या सुताराने भरलेल्या लांबीचे पांढरे ठिपके होते, आणि मागची फळी तर सागाची नव्हतीच. पारदर्शक पॉलिश काही लपवत नाही. रंग लपवतो, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही.

मागची फळी प्लायवुडची होती, कुणीतरी मधे बदललेली, आणि ती पापडासारखी सुटत होती. ती बदलायला बोलावलेल्या सुताराने दाखवलं: प्लायवर 'एमआर' असा छाप होता. दमट हवा सोसणारं, एवढाच त्याचा अर्थ. पाणी सोसणारं नव्हे. बाथरूमला लागतं ते आयएस ७१० छापाचं, ज्याला लोक मरीन प्लाय म्हणतात. त्याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी थर सुटता कामा नयेत, अशी त्याची परीक्षा असते. त्या व्हॅनिटीवाल्या मुलाला मी मुद्दाम विचारलं, की तुझी तयार व्हॅनिटी कशाची? एमडीएफ, वर लॅमिनेट. म्हणजे दाबलेला भुसा आणि वरून सनमायका. कडेने एकदा पाणी शिरलं की ते पावासारखं फुगतं आणि पुन्हा बसत नाही. त्याच्यावर रंग चढतो का? चढतो, लॅमिनेटची चकाकी पूर्ण घासून काढली आणि त्यावर धरून राहणारा खास प्रायमर मारला, तर. फुगलेल्या कडेला मात्र रंग हे औषध नाही. तिथे फळीच बदलावी लागते. नव्या इमारतींत काम करणारे सुतार अशा कपाटांवरच्या गुळगुळीत फवारा-रंगाला अजून 'डुको' म्हणतात. ते अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या मोटारींच्या रंगाचं १९२३च्या सुमाराचं नाव. मोटारींवरून ते कधीच उतरलं, आमच्या सुतारांच्या तोंडात राहिलं.

आता लांबी. खाचाखळगे भरायचा हा लगदा काका विकतचा घेत नाहीत. खडूची पूड, जवसाचं पक्कं तेल, चमचाभर प्रायमर, आणि लोखंडी पट्टीवर पोळीच्या कणकेसारखं मळणं. भिंतीची पांढरी पुट्टी लाकडाला लावणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. सिमेंटची पुट्टी त्याच्याबरोबर हलत नाही, मग भेगा पडतात आणि शिव्या रंगाच्या कंपनीला बसतात. आधी प्रायमर, मग लांबी, मग घासणी, मग पुन्हा प्रायमर, असा त्यांचा क्रम. दुसरं एक त्यांनी जे केलं ते मी कुठल्याही रंगाऱ्याला करताना पाहिलं नव्हतं. दारं उलटी करून त्यांनी खालच्या कडेला, जी उभ्याने कुणालाच दिसत नाही तिला, तीन वेळा प्रायमर पाजला. पाजला हाच शब्द. लाकडाचे रेषे तिथे आडवे कापलेले असतात, उसाच्या कांड्यासारखे, आणि पाणी तिथूनच वर चढतं. आमच्या दोन्ही दारांच्या खालच्या कडा बोटभर कुजल्या होत्या, वरचा रंग शाबूत असताना.

रंग कुठला, यावर मला वाटलं होतं तितका वेळ गेला नाही. मला पांढरा हवा होता. काकांनी कपाटाच्या आतल्या बाजूचा एक कोपरा दाखवला, तिथे क्रीम रंग हळदीसारखा झाला होता, बाहेर तोच फिकट. तेलाचा रंग अंधारात पिवळा पडतो, उजेडात तेवढा पडत नाही. आणि बाथरूमच्या कपाटाच्या आत अंधारच. पांढरा हवाच तर पाण्यातलं एनामल घ्या, ते पिवळं पडत नाही आणि वासही कमी, असं ते म्हणाले. म्हणताना त्यांचा चेहरा मात्र परक्याबद्दल बोलावं तसा होता. मग आईने त्या चौथ्या थराकडे बोट केलं. आस्मानी. तोच लावला. दुकानातल्या यंत्राने काकांनी नेऊन दाखवलेल्या टिकलीवरून तो मिनिटात बनवून दिला. पूर्वी शेड कार्डावर जेवढे रंग तेवढेच, आता हजारांनी. दुकानाच्या भिंतीवर अजून गट्टूचं जुनं चित्र होतं, हातात ब्रश, कपाळावर बट. एशियन पेंट्ससाठी आर. के. लक्ष्मण यांनी १९५४मध्ये काढलेला तो पोरगा. ही कंपनी १९४२ साली चार मित्रांनी गिरगावातल्या गायवाडीत एका गॅरेजमध्ये सुरू केली. म्हणजे आजोबा गिरगाव सोडून इकडे आले, आणि थोड्याच काळात ते सोडून आलेल्या वस्तीत रंग बनू लागला. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही, पण माझ्या डोक्यात त्या एकत्र राहतात.

पहिला हात पातळ. दुसरा हात दुसऱ्या दिवशी, मधे ३२०चा हलका कागद. तिसरा हात नरकचतुर्दशीच्या चार दिवस आधी, सकाळी दहाला, कारण आधी हवेत दमटपणा असतो आणि दुपारनंतर रस्त्याची धूळ. ऑक्टोबरचा उकाडा, ज्याला सगळी मुंबई शिव्या घालते, तो रंगाऱ्यांचा लाडका. काकांनी ब्रशची टोकं एकदा आडवी, एकदा उभी आणि मग केवळ स्पर्शाने वरून खाली ओढली. रंग पाण्यासारखा सपाट बसला. आई खुर्ची टाकून ते बघत होती. टीव्हीवरची मालिका तिने त्या दिवशी सोडली.

जाताना काका बजावून गेले. "हाताला कोरडा लागेल उद्या. पण आतून कच्चा असतो. पंधरा दिवस त्यात काही जड ठेवू नका. दार लोटून लावू नका, चिकटेल."

कपाटं भिंतीवर चढली, पितळेच्या मुठी चकाकल्या, आरसा परत लागला. शेजारपाजारच्या तिघीजणी बघून गेल्या. आम्ही दातांचे ब्रश खिडकीत ठेवले, साबण बालदीच्या कडेला, आणि चार दिवस सगळे त्या कपाटाभोवती पाहुण्यासारखे वावरलो.

नरकचतुर्दशीच्या पहाटे मला जाग आली ती बाथरूममधल्या भांड्यांच्या आवाजाने. आई माझ्याआधी उठली होती. पणती लावलेली, पाटाभोवती रांगोळीची दोन बोटं, वाटीत उटणं. आणि तिने कोमट केलेल्या खोबरेलाची बाटली, ऐंशी वर्षं जिथे ठेवली जाते तिथेच, वरच्या फळीवर उजव्या कोपऱ्यात ठेवली होती.

मी उचलली तेव्हा ती किंचित ओढल्यासारखी सुटली. खाली आस्मानीत एक गोल उमटला होता, पूर्ण, काठासकट.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "बैस. तेल निवतंय."